अमडापूरच्या गाडीचं हूड

बाबांना नीट दिसत नाही हे मला समजलं होतं, आणि मला समजलंय हे बाबांना समजलं होतं, पण आमच्या घरात ते कुणी बोलून दाखवलं नाही. आधी सुई ओवायला माझ्याकडे यायला लागली. मग मापं घेताना टेपवरचा आकडा ते मला विचारायला लागले, तेही अशा सुरात, की जणू माझी परीक्षाच घेताहेत. मग एक दिवस चहाचा कप फडताळावर ठेवायला गेले आणि तो फडताळाच्या कडेबाहेर ठेवला. आईनं काचा गोळा केल्या आणि कपाला तेलाचा हात लागला असेल म्हणाली. आम्ही दोघांनी मान हलवली. हूडवाल्याचे डोळे गेले ही बातमी नांदुऱ्याच्या स्टँडवर पोचायला एक दिवससुद्धा लागला नसता, आणि स्टँडवर उभ्या असणाऱ्या जीपा हेच आमचं निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक होतं.

दुकान म्हणजे घराचाच पुढचा भाग. वर टिनं, खाली खडबडीत फरशी, मधोमध ताडपत्री शिवायचं जाड सुईचं पायमशीन. जीपचं हूड, ऑटोचं हूड, ट्रॅक्टरची गादी, मोटारसायकलचं सीट, आलं ते काम बाबा करायचे. रेल्वेलाईन मागेच होती. मालगाडी गेली की खिळ्यांचा डबा आपोआप खुळखुळायचा, आणि बाबा मशीनवरून पाय काढून घ्यायचे, कारण गाडीच्या हादऱ्यात शिवण वाकडी पडते असं त्यांचं म्हणणं. लांब गाडी असली तर तेवढाच आराम. हंगामात आई जिनात कपाशी निवडायला जायची आणि उन्हाळ्यात लोकांच्या घरी कुरड्या-पापड करायला. तिच्या लुगड्याला गव्हाच्या चिकाचा आंबूस वास असायचा, आमच्या अंगाला चिकटवायच्या सोल्युशनचा. दुपारी भाकरी, डाळीच्या पिठाचं चून आणि कैरीचा तक्कू घेऊन आम्ही तिघं बसलो की हे सगळे वास ताटावर एकत्र व्हायचे. मला अजून तक्कू खाताना सोल्युशनचा भास होतो. सूनबाईला सांगितलं तर ती हसते.

बारावी झाल्यावर एक वर्ष बाबांना मदत करायची म्हणून मी दुकानात बसले होते. ते वर्ष काही संपलं नाही. सकाळी उठताना पिंडऱ्या दुखायच्या, झोपतानाही दुखायच्या. त्या वयात माणूस इतकं थकत नाही म्हणतात. मी थकले होते. मशीन चालवण्याचा शीण तर होताच, पण दिवसभर बाबांच्या हातांवर लक्ष ठेवायचं, त्यांना कळू न देता चुकीची बाजू सरळ करून ठेवायची, याचा जास्त.

अशात एका उन्हाळ्यात अमडापूरकडचे नानासाहेब दुकानासमोर येऊन उभे राहिले. त्यांच्या जीपचं हूड बाबांनीच शिवलेलं होतं. मोठी शेती, गावाबाहेर मळ्यातलं घर. त्यांच्या वडिलांच्या वेळची एक दोन सिटांची, बसकी, वरून उघडी होणारी परदेशी गाडी त्यांनी सांभाळून ठेवली होती. एकुलत्या एक मुलीचं लग्न ठरलं होतं आणि तिची पाठवणी त्याच गाडीतून करायची होती. पण लग्न भर वैशाखातलं, वरात दुपारची, आणि गाडीच्या हुडाच्या चिंध्या झालेल्या. नवरीला उघड्या उन्हात बसवणार कसं? अकोल्याच्या कारागिरानं हात लावायला नकार दिला होता. बाबांनी गाडी न बघताच होकार दिला. जीपवाल्यांची हूडं शिवून शिवून त्यांचा जीव कंटाळला होता, की आपल्याला अजून येतं हे त्यांना स्वतःला दाखवायचं होतं, मी विचारलं नाही.

नांदुऱ्याहून खामगाव, खामगावात गाडी बदलून अमडापूर, तिथून मळ्यापर्यंत पायी. बाबांच्या खांद्यावर हत्यारांची पिशवी, माझ्या हातात पाण्याचा कॅन. नानासाहेबांच्या घरी पाणी मिळालं नसतं असं नाही. पण आमच्या आजोबांनी याच घराण्याच्या जुन्या वाड्यावर कामाला असताना पाण्यासाठी फाटकाबाहेर उभं राहून दिवस काढले होते, आणि बाबांनी ठरवून टाकलं होतं, की या घरचं काम करायचं, पाणी आपलं न्यायचं. त्यावर ते कधी भाषण द्यायचे नाहीत. कॅन भरायला सांगायचे, एवढंच.

गाडी टिनाच्या शेडमध्ये होती. तिची देखरेख किसनकाकांकडे. साठीला आलेले, वाळके, मळ्यावरच राहणारे. पोरवयापासून ते त्या घरी होते. गाडी चालू होवो न होवो, ते रोज तिच्यावरून फडकं फिरवायचे. आम्ही गेलो तेव्हा त्यांनी आधी आम्हाला हात धुवायला लावले. बाबांना ते आवडलं. मग बाबांनी जुनं हूड उतरवायला घेतलं. नवशिका असता तर ओरबाडून काढलं असतं. बाबांनी एकेक खिळा उपसला, एकेक टिचबटण सोडवलं, आणि ते फाटकं कापड जसंच्या तसं चादरीवर पसरलं. त्याच्यावरूनच नव्याचं माप निघणार होतं. खाली तीन लोखंडी कमानी, घडी होणाऱ्या, आणि त्यांना जोडणारे निवारीचे पट्टे. पट्टे कुजले होते, कमानी शाबूत होत्या. त्या कमानींवरून हात फिरवताना बाबांचा चेहरा मी बघितला. बोटांनी त्यांना सगळं दिसत होतं.

नवं कापड मुंबईहून आलं होतं. काळं, जाड, मध्ये रबराचा थर असलेलं. हुडापुरतं आणि घडी घातलेल्या हुडावर टाकायच्या झाकणापुरतं, तेवढंच. पुन्हा मागवायचं तर लग्न होऊन गेलं असतं. कापडाची गुंडाळी सावलीत ठेवायची असं नानासाहेबांनी बजावलं होतं, तरी किसनकाकांनी ती ओट्यावर ठेवली होती, आणि दोन दिवस तिच्या एका टोकाला ऊन लागलं होतं. त्यावरून नानासाहेब त्यांना आमच्यासमोर रागावले. काका मान खाली घालून उभे राहिले. बाबांनी कापड चोळून बघितलं आणि म्हणाले, काही झालं नाही साहेब, कापड खणखणीत आहे.

जुनं हूड वर्षानुवर्षं उन्हात तापून, थंडीत आखडून आकसलेलं असतं. त्याच मापाचं नवं कापलं तर ते गाडीला पुरत नाही. हे बाबांनी मला कितीदा तरी सांगितलं होतं. म्हणून घरी आल्यावर फरशीवर कापड पसरून आम्ही त्यावर दोन रेघा मारल्या. आतली जुन्या हुडाच्या काठाची, बाहेरची कापायची. रेघा मी मारल्या, काळ्यावर पांढऱ्या खडूनं. कात्री मात्र बाबांची. कापड कापायला त्यांनी मला तोवर कधीच दिलं नव्हतं. त्या दिवशी आईनं मला पाणी भरायला हाक मारली. मी दोन हंडे घेऊन परत आले तोवर कापून झालं होतं, आणि बाबा उरलेल्या पट्ट्या गुंडाळत होते.

मी शिवायला बसले. आठ दिवस शिवत होते. आजही खरं सांगते, मागच्या डाव्या काठाची दुमड घालताना हाताला कापड कमी लागलं होतं. थांबून टेप लावायला पाहिजे होता. पण आतून आई जेवायला बोलवत होती, पाय भरून आले होते, आणि मला वाटलं, असेल, बाबांनी काही विचार करूनच कापलं असेल. मी दुमड घातली आणि पुढे गेले. या प्रकरणात माझा वाटा किती, असं कुणी विचारलं तर तो एवढा आहे.

लग्नाला आठवडा उरला होता तेव्हा आम्ही हूड घेऊन मळ्यावर गेलो. घरात पाहुणे यायला लागले होते. नवरी मुलगी, मंजिरी तिचं नाव, माझ्याच वयाची, हळदीच्या आधीच कंटाळलेली, शेडच्या दारात खुर्ची टाकून बसली. मला म्हणाली, तुझं बरं आहे, तुला काम तरी येतं. मी तिच्या नव्या चपलांकडे बघत राहिले. बाबांनी हुडाची मधली खूण गाडीच्या मधल्या खुणेवर टेकवली, मग मागची बाजू लाकडी पट्टीवर बसवायला घेतली. उजवीकडून खिळे लागत गेले. मध्यावर आले. मध्यापासून डावीकडे कापड सरकत सरकत वर जायला लागलं, आणि डाव्या कोपऱ्यात काठ आणि पट्टी यांच्यात दोन बोटांची फट राहिली. बाबांनी ओढलं. मी ओढलं. किसनकाकांनीही हात लावला. फट तशीच.

बाबांनी त्या फटीत बोटं घातली आणि तशीच ठेवली. त्यांना तिथेच कळलं. त्यांच्या मानेवरून मला ते दिसलं.

नानासाहेब जवळ आले. त्यांनी विचारलं, काय झालं मिस्त्री?

"कापड आटलं, साहेब," बाबा म्हणाले.

नानासाहेब त्या कोपऱ्याशी वाकले. मग वळले आणि किसनकाकांना विचारलं, गुंडाळीचं कोणतं टोक उन्हात होतं. काकांना ते कुठून सांगता येणार.  नानासाहेबांचा आवाज चढला नाही, म्हणून मला ते जास्त वाईट वाटलं. ते म्हणाले, एक काम सांगितलं होतं, कापड सावलीत ठेव. तेवढं तुझ्याच्यानं झालं नाही. लग्न होईपर्यंत तोंड दाखवू नको, आणि नंतरही यायची गरज नाही. खोली रिकामी कर. मंजिरी खुर्चीतून उठली आणि वडिलांना हाक मारून थांबली. तिच्या वडिलांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. किसनकाकांनी हातातलं फडकं घडी घालून गाडीच्या बॉनेटवर ठेवलं. काय झालं ते त्यांना अजून पुरतं कळलेलं नव्हतं.

मी बाबांकडे बघितलं. आता बोलतील असं वाटलं. ते खाली बसून खिळे वेचत होते. खिळे खाली पडलेच नव्हते. ते फरशी चाचपत होते.

लोक मला धीट म्हणतात, पण त्या दिवशी माझ्यात धीटपणा नव्हता. मी इतकी दमले होते, की आणखी एक गोष्ट लपवून घरी न्यायची ताकद माझ्यात उरली नव्हती. बसच्या दोन फेऱ्या, कॅन, पिशवी, आणि वर हे. मी म्हणाले, "कापड नाही आटलं, साहेब. कापताना चुकलं. बाबाले बाहेरची रेघ दिसली नाही, आतल्या रेघीवर कापलं. त्याईले वर्षभरापासून दिसत नाही."

मग बाबा उठले. माझ्याकडे न बघता त्यांनी पिशवी उचलली, पुन्हा खाली ठेवली, कारण हत्यारं लागणार होती, आणि रिकाम्या हातानं फाटकाकडे चालत गेले. वाटेत पाण्याच्या टाकीला त्यांचा खांदा घासला.

नानासाहेबांनी मला एवढंच विचारलं, की हे आता होईल की नाही. मी म्हणाले, उरलेल्या पट्ट्या अरुंद आहेत, झाकणाच्या कापडातून पट्टी काढली तर होईल, मग झाकण मिळणार नाही. त्यांनी मान हलवली. किसनकाकांना ते काही बोलले नाहीत. माफी वगैरे त्या घरात नव्हती. जाताना फक्त म्हणाले, किसन, पोरीला काय पाहिजे ते बघ. तेवढ्यावर काकांची नोकरी राहिली. काकांनी फडकं पुन्हा उचललं.

परतीच्या बसमध्ये बाबा खिडकीशी बसले होते. खामगावला उतरून दुसरी गाडी धरली, नांदुरा आलं, घर आलं. आईनं विचारलं तर मीच सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि भाकरी थापायला बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "मले माहीत होतं, बाई. पण आता तुले एकटीले जा लागन."

एकटी गेले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मी निघाले तर बाबा दारात तयार होते, कॅन भरून. मळ्यावर मात्र ते फाटकाच्या आत आले नाहीत. बाहेर रस्त्यावर छोटा पूल होता, त्याच्या कठड्यावर बाभळीच्या सावलीत बसून राहिले. मी आत गेले. दुमड उसवली, डाव्या काठाला पट्टी जोडली. एका बाजूला जोड दिसला असता, म्हणून उजवीकडेही खोटी शिवण घातली, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या दिसतील. घरचं मशीन तिथे नव्हतं, हे सगळं मी दाभणानं आणि मेणाच्या दोऱ्यानं हातानं केलं. दोन दिवस गेले. तळहाताला दाभणाचा दांडा रुतून फोड आला, तो फुटला, किसनकाकांनी चिंधी बांधून दिली. मागची बाजू पट्टीवर बसली. आता हूड पुढे ताणून काचेवरच्या पट्टीला चिकटवायचं होतं, आणि किती ताणायचं ते मला ठाऊक नव्हतं. ते बाबा नेहमी हातानं ठरवायचे.

मी कापडाचा तुकडा घेऊन फाटकाबाहेर गेले. ऊन डोक्यावर होतं. बाबांना विचारलं, किती ओढू. दोन दिवसांत आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. ते मला परत पाठवतील असं वाटत होतं. त्यांनी तुकडा हातात घेतला, दोन्ही हातांनी ताणला, सोडला, गालाला लावला.

"आत्ता नको लावू. आत्ता कापड गरम हाय, ताणून लय येईन हातात. अन् मंग थंडीत आखडून फाटन. सकाळी लाव, ऊन चढायच्या आंधी. कमानी पुऱ्या बसू देऊ नको, एक बोटभर उचलून ठेव, अन् तशीच चिकटव. मंग खाली दाब. दाबताना दोन माणसं पाह्यजे."

मी विचारलं, तुम्ही येता का आत. ते म्हणाले, किसनले घे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पहिल्या गाडीनं गेलो. मी आणि किसनकाका, एक डावीकडे, एक उजवीकडे. कमानी बोटभर उचललेल्या, सोल्युशन बोटाला चिकटेनासं होईपर्यंत वाळू दिलं, मग कापड ओढून बसवलं आणि दोघांनी मिळून पट्टी खाली दाबली. कडी लागताना टकटक असा आवाज झाला. कापड नगाऱ्यासारखं ताठ झालं. काकांनी त्यावर बोटानं हलकेच वाजवून बघितलं आणि आत गेले. तांब्याभर पाणी आणून माझ्यासमोर धरलं. मी प्याले. कॅन बाहेर बाबांजवळ होता, आणि मला खूप तहान लागली होती.

लग्न झालं. आम्ही गेलो नव्हतो, बोलावणंही नव्हतं. पण कळलं, की नवरी त्याच गाडीतून गेली, हूड लावून, भर दुपारी. गाडी चिखलीच्या रस्त्यावर मध्येच बंद पडली आणि चार जणांनी ढकलली, असंही कळलं. हुडाबद्दल कुणी काही म्हणालं नाही. आमच्या धंद्यात कुणी काही म्हणालं नाही म्हणजे काम चांगलं झालं.

बाबांच्या डोळ्यांची बातमी मात्र पसरली. मी शेडमध्ये बोलले होते, तिथे पाहुणे होते, त्यांचे ड्रायव्हर होते. पावसाळ्याआधीच्या महिन्यात एरवी जीपांची रांग लागायची, त्या वर्षी तुरळक आल्या. जे आले ते विचारायचे, कोण कापणार? मी कापणार म्हटल्यावर काही जण परत जायचे. बाबा बाजूला बसून टिचबटणं निवडत राहायचे. त्यांनी मला कधी दोष दिला नाही आणि मी कधी माफी मागितली नाही. दिवाळीनंतर एका शिबिरात त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. एका डोळ्याला चांगलं दिसायला लागलं. पण कात्री त्यांनी परत घेतली नाही. मी दिली तर म्हणायचे, राहू दे, तुझ्या हाताला बसली आता. तेव्हापासून ती माझ्याकडेच. लग्न झालं, नवरा नांदुऱ्यातच मिळाला, मुलं झाली, दुकान चालूच राहिलं. आता माझ्या डोळ्यांत भिंग बसवलेलं आहे, गुडघ्यांनी मशीन सोडायला लावलं आहे, आणि जीपांना तयार हूडं येतात. मी ते वर्ष संपायची वाट बघत होते, ते असं संपलं.

ऑपरेशनच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. किसनकाका शेगावला दर्शनाला निघाले होते, खामगावहून वाट वाकडी करून नांदुऱ्याला उतरले आणि विचारत विचारत दुकानात आले. मी मशीनवर होते. बाबांनी त्यांना ओळखायला वेळ घेतला, कारण आधी त्यांनी काकांचा चेहरा कधी धड पाहिलाच नव्हता, आवाजावरून ओळखलं. मग बाबा उठले, स्वतः बसायचे ती गादी झटकून त्यांना दिली आणि स्वतः खाली फरशीवर बसले. आईनं चहा ठेवला. हूड अजून ताठ आहे, काका म्हणाले. बाबांनी मान डोलावली. मग म्हणाले, "किसनभाऊ, त्या दिवशी मी बोललो नाही."

काकांनी हात हलवला. "जाऊ द्या ना मिस्त्री. पोरगी बोलली ना."

"पोरगी बोलली," बाबा म्हणाले. "मी नाही बोललो. मले माहीत होतं अन् मी खिळे शोधून राह्यलो होतो."

काका बाबांकडे बघत राहिले, आणि बाबा आपल्या नव्या डोळ्यानं काकांकडे. मालगाडी यायला लागली. सवयीनं मी मशीनवरून पाय काढून घेतला आणि ती जाईपर्यंत आम्ही सगळे तसेच बसून राहिलो. गाडी लांब होती. ती गेल्यावर काकांनी अर्धा चहा बशीत ओतून स्वतः घेतला आणि उरलेल्या अर्ध्याचा कप बाबांच्या हातात दिला.